एक दमदार ग्राफिक्स कार्ड घ्यावं की दोन स्वस्तातली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर जोडून देण्याचं काम करतो. गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचे शूटिंगवाले, इंजिनिअरिंगची पोरं, गेमवाले आणि हल्ली घरच्या घरी एआय चालवू पाहणारे. कोटेशन मागताना बहुतेक जण फिरून याच प्रश्नावर येतात. काउंटरवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, आज लिहिलेली किंमत पुढच्या आठवड्यात भांडण लावते. प्रश्न मात्र जसे विचारले जातात तसेच ठेवले आहेत.

भाऊ, लंबं नका लावू. एक का दोन?

एक. गेम, एडिटिंग, ऑटोकॅड, कॉलेजचा प्रोजेक्ट, यांपैकी काहीही असो, एकच कार्ड घ्या आणि परवडेल तेवढं चांगलं घ्या. दोन कार्डांना अर्थ आहे तो दोनच ठिकाणी: ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं रेंडरिंग (देखाव्याचं अंतिम चित्र तयार करणं) आणि मोठी एआय मॉडेल्स. तुमचं काम त्यातलं नसेल तर इथून थेट विजेच्या प्रश्नावर गेलात तरी चालेल. पैसा खरा तिथे वाया जातो.

दोन कार्डं लावली तं गेम डबल स्पीडनं चालते ना?

नाही चालत, आणि आता तर अजिबातच नाही. ही समजूत आली कुठून ते सांगतो. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ कार्डांची जोडी लावता यायची. एक कार्ड पडद्याच्या सम ओळी काढायचं, दुसरं विषम. त्याला एसएलआय म्हणत. पुढे एनव्हीडियाने ती कंपनी गिळली आणि २००४ मध्ये तेच नाव, वेगळ्या तंत्रासह, पुन्हा आणलं. एटीआय या दुसऱ्या कार्ड कंपनीने २००५ मध्ये तसंच क्रॉसफायर काढलं. या नव्या पद्धतीत बहुतेक वेळा एक फ्रेम पहिल्या कार्डाने आणि पुढची दुसऱ्याने काढायची, अशी पाळी असे. आकडा वाढलेला दिसायचा, पण दोन फ्रेममधलं अंतर सारखं राहत नसे. मीटरवर ६० फ्रेम आणि डोळ्याला मात्र झटके. शिवाय प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळी प्रोफाइल लागायची. ती नसली की दुसरं कार्ड नुसतं वीज खात बसे.

एनव्हीडियाने १ जानेवारी २०२१ पासून नव्या एसएलआय प्रोफाइल देणं बंद केलं. ३०-मालिकेत (३०६०, ३०९० अशा नावांची कार्डं) जोडणीची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला उरली, ४०-मालिकेत तीही गेली. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या गेम-कार्डातल्या दुव्यांमध्ये दोन कार्डांचा वापर करता येतो, पण ते काम गेम बनवणाऱ्याने करायचं असतं. हजारात एखाद्या गिऱ्हाइकाकडे दोन कार्डं असतील तर त्याच्यासाठी कोण डोकं लावेल? आरटीएक्स ३०६०, ४०६० या कार्डांवर तर दोन कार्डं जोडणारी जोडपट्टी लावायला जागाच नाही. २०१६ च्या जीटीएक्स १०६० वरही नव्हती.

मंग यूट्यूबवर दोन कार्डंवाले पीसी दाखवतात ते काय खोटं हाय?

खोटं नाही, काम वेगळं आहे. बरेचसे रेंडरिंगचे किंवा एआयचे असतात. काही जण लॉसलेस स्केलिंग नावाचा छोटा प्रोग्राम वापरतात. त्यात मोठं कार्ड गेम चालवतं आणि लहान कार्ड मधल्या मधल्या नकली फ्रेम तयार करतं. घरात जुनं कार्ड पडून असेल तर गंमत म्हणून करून बघायला हरकत नाही. त्यासाठी दुकानातून दुसरं कार्ड विकत घेणं मला पटत नाही.

८ जीबीची दोन घेतली तं १६ जीबी झाले ना?

गेममध्ये नाही. दोन्ही कार्डांना तोच देखावा काढायचा असतो, म्हणून तोच माल दोन्हीकडे ठेवावा लागतो. ८ आणि ८ मिळून ८. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर करणाऱ्या भागातही साधारण हेच: अख्खा सीन प्रत्येक कार्डात मावायला हवा, आणि एक कार्ड लहान असेल तर मर्यादा त्या लहानाची. एआय मॉडेलचा हिशेब वेगळा आहे, तो खाली दिला आहे.

खरेदी करताना एक पाहा. आरटीएक्स ३०६० याच नावाने १२ जीबीचंही कार्ड आहे आणि ८ जीबीचंही. ८ जीबीवाल्याची मेमरी नुसती कमी नाही, हळूही आहे: १२ जीबीवाल्याचा वेग सेकंदाला ३६० जीबी, ८ वाल्याचा २४०. डब्यावरचं नाव वाचून खुश होऊ नका, आकडा वाचा.

लग्नाचं एडिटिंग आहे. सीझनमध्ये रात्र रात्र एक्स्पोर्ट चालते. दोन कार्डांनी काम लवकर होईन का?

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि याच धंद्यात चुकीच्या ठिकाणी सगळ्यात जास्त पैसा जातो. आधी सांगा, सॉफ्टवेअर कोणतं?

एडियसवर काम असेल तर बराचसा भार सीपीयूवर आणि इंटेलच्या क्विक सिंकवर (प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सची व्हिडिओ उलगडायची सोय) असतो. दुसरं कार्ड तिथे हात बांधून बसेल. प्रीमिअर प्रोमध्येही दुसऱ्या कार्डाचा फायदा जेमतेम. दा विंची रिझॉल्व्हला दोन कार्डं वापरता येतात, पण विंडोजवर फक्त पैसे देऊन घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीत. फुकटवाली एकाच कार्डावर चालते. दुसऱ्या कार्डाच्या पैशातून स्टुडिओची लायसन्स घेतलीत तर फरक जास्त दिसेल.

आता खरी अडचण. टाइमलाइन अडकते तेव्हा पोरं म्हणतात, कार्ड कमी पडतं. बहुतेक वेळा कार्ड कमी पडत नसतं, फाइलच त्याला उलगडत नसते. हल्लीचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये (रंगांची जास्त माहिती साठवणारी पद्धत) शूट करतात. एनव्हीडियाची ४०-मालिकेपर्यंतची कार्डं, कितीही महाग असोत, ही ४:२:२ फाइल हार्डवेअरमध्ये उघडू शकत नाहीत. ती सोय ५०-मालिकेत आली. याउलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं घरचं ग्राफिक्स एच.२६५ ची (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) ४:२:२ फाइल आरामात उलगडतं. म्हणून प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला घेऊ नका. थोडा स्वस्त मिळतो खरा, पण त्यात ते ग्राफिक्स नसतं. एडिटरसाठी हेच ‘दुसरं कार्ड’, आणि तेही प्रोसेसरसोबत आलेलं. मात्र हे एच.२६५ पुरतं. कॅमेऱ्यात एच.२६४ ४:२:२ लावून शूट केलं असेल तर तिथे क्विक सिंकही बहुतेक प्रोसेसरांवर हात टेकतं. मग प्रॉक्सी (फाइलची हलकी नक्कल) बनवून काम करा, किंवा पुढच्या लग्नाला कॅमेऱ्याची सेटिंग बदला. त्याला एक रुपया लागत नाही.

एवढं करूनही पैसे उरले तर रॅम ३२ जीबी करा आणि चालू प्रोजेक्टसाठी वेगळी एनव्हीएमई एसएसडी टाका. हळद, लग्न, रिसेप्शन सगळं एकाच जुन्या हार्ड डिस्कवर ठेवून ग्राफिक्स कार्डाला शिव्या देणारे स्टुडिओ मी पाहिले आहेत.

दोन मॉनिटर लावायचे, म्हणून दोन कार्डं लागतील ना?

नाही. एका कार्डाला तीन-चार मॉनिटर लावता येतात. मागची एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची भोकं मोजा.

ब्लेंडर शिकलो, आर्किटेक्टची कामं घेतो. माझ्यासाठी तरी दोन चालतील का?

तुमच्यासाठी चालतील. सायकल्स दोन्ही कार्डांना खरोखर कामाला लावतं आणि लांब रेंडरमध्ये वेळ जवळपास निम्म्यावर येतो. कोणतीही जोडपट्टी लागत नाही, सेटिंगमध्ये दोन्ही कार्डांसमोर टिक केली की झालं. एनव्हीडियाची दोन वेगळ्या पिढ्यांची कार्डंही एकत्र चालतात. एक एनव्हीडिया आणि एक एएमडी अशी मोट मात्र बांधू नका. एनव्हीडियाचं ऑप्टिक्स आणि एएमडीचं हिप हे दोन मार्ग वेगळे आहेत, रेंडर करताना एकच निवडता येतो.

तरीही नवीनच घेत असाल तर आधी हा हिशेब करा. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी कार्ड १७० वॅटचं, म्हणजे दोन घेतली तर ३४०. आरटीएक्स ४०७० चं एक कार्ड २०० वॅटचं, मेमरी तेवढीच १२ जीबी, आणि ब्लेंडरमध्ये ते एकटं दोन ३०६० ना टक्कर देतं. त्याच कामाला १४० वॅट कमी. दोन कार्डांचा सौदा बसतो तो पहिलं कार्ड आधीच घरात असेल आणि दुसरं ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात मिळत असेल तेव्हा.

पोरगा एआय शिकते. म्हणते १२-१२ जीबीची दोन कार्डं घेऊन द्या. फसवते का?

फसवत नाही काका, पोराला माहिती आहे. भाषेचं मॉडेल चालवताना ते थरांमध्ये विभागून अर्धं या कार्डात, अर्धं त्या कार्डात ठेवता येतं. लामा.सीपीपी आणि ओलामा हे प्रोग्राम हे काम स्वतःच करतात. इथे १२ आणि १२ मिळून जवळजवळ २४ होतात. ४-बिटमध्ये दाबलेलं ८ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलमधले आकडे, म्हणजे त्याचा आकार) मॉडेल साधारण ५ जीबीत बसतं, १४ अब्जांचं ९ जीबीच्या आसपास. ३२ अब्जांच्या मॉडेलला १९-२० जीबी लागतात. ते एका १२ जीबीच्या कार्डात मावत नाही, दोनमध्ये मावतं.

वेग मात्र दुप्पट होत नाही. प्रत्येक शब्द आधी पहिल्या कार्डातून जातो, मग दुसऱ्यातून. एक काम करत असतं तेव्हा दुसरं वाट पाहत असतं. धान्याची दुसरी कोठी आणली तर साठा वाढतो, दळण तेवढ्याच वेळात होतं, तसं हे.

एकच २४ जीबीचं कार्ड, म्हणजे जुनं आरटीएक्स ३०९०, मिळालं तर ते वेगात कितीतरी पुढे राहील. त्याच्या मेमरीचा वेग ९३६ जीबी, ३०६० चा ३६०. पण ते ३५० वॅटचं, तापट, आणि आता सेकंडहँडच मिळतं. तिसरा मार्ग १६ जीबीचं एकच कार्ड, ४०६० टीआय किंवा ५०६० टीआय: १६५ ते १८० वॅट, एक स्लॉट, डोक्याला ताप नाही. ३२ अब्जांचं मॉडेल त्यात पूर्ण मावणार नाही, १४ चं सुखाने चालेल. कॉलेजच्या पोराला मी हेच देतो.

त्याही आधी पोराला विचारा, कॅगल या एआय शिकायच्या वेबसाइटवर खातं उघडलं का? तिथे मोबाइल नंबर पडताळून घेतला की १६-१६ जीबीची दोन टी४ कार्डं आठवड्याला साधारण ३० तास फुकट वापरता येतात. दोन कार्डांवर मॉडेल कसं शिकवायचं, हे तिथेच शिकून होतं. नेट नीट असेल तर पहिलं वर्ष त्यावर निघतं.

माझ्या मदरबोर्डवर दोन लंबे स्लॉट आहेत. मंग अडचण काय?

लांबी फसवी आहे. स्वस्त आणि मधल्या बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट बहुधा आतून चारच लेनचा (लेन म्हणजे माल ये-जा करायची वाट) असतो आणि तोही चिपसेटमार्फत जोडलेला. पीसीआयई ३.० या स्लॉटच्या पिढीत चार लेन म्हणजे सेकंदाला ४ जीबीही पुरते नाहीत. रेंडर आणि एआयला तेवढ्यावर भागतं, कारण माल एकदा भरला की पुढे ये-जा कमी. पण काही बोर्डांवर तो स्लॉट वापरला की एखादा एम.२ किंवा साटा पोर्ट बंद पडतो, मग लोक फोन करतात की हार्ड डिस्क दिसत नाही. बोर्डाचं मॅन्युअल डाउनलोड करून ते पान आधी वाचा. आणि पट्टी घेऊन दोन स्लॉटमधलं अंतरही मोजा. आजची कार्डं अडीच-अडीच स्लॉट जाडीची असतात.

लाइटचं कसं करायचं? आमच्याइकडं संध्याकाळी पंखाबी हळू फिरते.

हा प्रश्न खरं तर पहिला विचारायला हवा. शेतीपंप सुरू झाले की काही गावांत व्होल्टेज २३० वरून १७० पर्यंत उतरतं. ६०० वॅट ओढणारा पीसी २३० व्होल्टला २.६ अँपिअर घेतो, १७० ला साडेतीन. तेवढी वायर जास्त तापते, आणि जुनं स्विचबोर्ड असेल तर प्लगपाशी जळका वास येऊ लागतो. प्लग हाताला गरम लागला तर गेम नंतर, आधी इलेक्ट्रिशियन.

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) घेताना त्यावरची इनपुटची ओळ वाचा. ‘१००–२४०’ लिहिलं असेल तर कमी व्होल्टेज ते बऱ्यापैकी सोसतं. नुसतं ‘२३०’ किंवा ‘२००–२४०’ असेल तर संध्याकाळी मशीन रीस्टार्ट मारेल आणि दोष कार्डाला लागेल. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ८ पिनच्या केबलमधून १५०. दोन कार्डांना दोन वेगळ्या केबली लावा, एकाच केबलच्या दोन शेपट्या दोन कार्डांना देऊ नका. एका ४०७० ला चांगलं ६५० वॅटचं एसएमपीएस पुरतं. दोन ३०६० ला मी ७५० च्या खाली जात नाही.

अर्थिंग तपासल्याशिवाय मी मशीन सोडत नाही. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. खड्ड्यात आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी टाका. अवकाळीत वीज कडाडायला लागली की नुसता प्लग काढून थांबू नका, छतावरच्या वायफाय डिशची लॅन केबलसुद्धा ओढून ठेवा. बोर्ड जळतो तो बरेचदा तिकडून.

बिलाचं म्हणाल तर १४० वॅटचा फरक रोज सहा तास धरला तर महिन्याला २५ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलतो. तुमचा वापर २८० युनिटच्या आसपास असेल तर या २५ मुळे तो ३०० च्या वर जाईल, आणि ३०० च्या वरची युनिटं वरच्या दराने लागतील.

घरच्या इन्व्हर्टरवर चालीन का?

एक कार्ड, हलकं काम, चांगला साइन वेव्ह इन्व्हर्टर: चालेल. स्क्वेअर वेव्ह असेल तर नको. दुकानात पीसीसोबत देतात तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, दोन कार्डांनी जोर लावला की लाइट जाताच तोही बसतो. दोन कार्डांचं मशीन असेल तर त्याचा भार पेलणारा मोठा यूपीएस, त्याची बॅटरी आणि दर दोन-तीन वर्षांनी ती बदलणं, हे सगळं कार्डाच्या किमतीत धरा.

उन्हाळ्यात काय होते?

अकोला, चंद्रपूर, नागपूर, मे महिन्यात ४५ च्या वर. कूलर लावूनही खोली ३४-३५ ला राहते, कूलर बंद असला की ४०-४२. कार्ड खोलीच्या तापमानावर स्वतःची भर टाकतं. डिसेंबरात २८ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारं कार्ड ४२ च्या खोलीत ८४ ला जाईल, आणि त्या सुमारास बरीच कार्डं आपला वेग स्वतःहून कमी करतात. दोन कार्डं असतील तर वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं, त्यामुळे वरचं आधी दमतं. शिवाय ३४० वॅटची सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. रात्रभर रेंडर लावून तिथेच झोपणार असाल तर विचार करा.

फुकटातला उपाय सांगतो. एमएसआय आफ्टरबर्नर टाकून पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आणा. वेग थोडासाच कमी होतो, तापमान आणि पंख्याचा आवाज बराच उतरतो. मार्च ते जून माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांची कार्डं अशीच चालतात.

कूलरची थेट झोत पीसीवर नको. हवा थंड असते पण ओलसर असते, आणि आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार पॅडवर पांढरे जमतात ते तुम्ही पाहताच. पीसी कूलरच्या बाजूला ठेवा, खिडकी उघडी असू द्या.

आणि कापूस. घरात कापूस भरून ठेवला असेल किंवा जिनिंग जवळ असेल तर पंख्याची पाती स्वच्छ दिसतात, पण पंखा काढला की खाली हीटसिंकच्या पट्ट्यांवर तंतूंचा करडा थर सापडतो, नखाने उचलला तर एका तुकड्यात निघतो असा. ब्लोअरने तो आत आणखी दाबला जातो. पंखा काढून, ब्रशने, बाहेरच्या बाजूला ओढून साफ करायचा. वेचणीच्या दिवसांत महिन्यातून एकदा. दोन कार्डं म्हणजे हे काम दोनदा.

ऑनलाइन मायनिंगची जुनी कार्डं लय स्वस्त भेटतात. दोन घेऊन टाकू का?

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची (कार्डांकडून हिशेब करवून नाणी मिळवण्याची) पद्धतच सोडली आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. सगळी वाईट नसतात, एका वेगाने चाललेलं कार्ड कधी कधी गेमवाल्याच्या कार्डापेक्षा बरं निघतं. पण पंखे झिजलेले, थर्मल पॅड वाळलेले, वॉरंटी संपलेली. समोर अर्धा तास लोड देऊन दाखवत असेल तरच घ्या. कुरिअरने, फोटो बघून, परत घेणार नाही म्हणणाऱ्याकडून नको. आणि ‘दोन घेतली तर सूट’ ऐकून तर मुळीच नको.

आता एक घेतो, कापूस विकला का दुसरं लावतो. जमते ना?

ऐकायला शहाणपणाचं वाटतं, होतं असं की तेव्हापर्यंत नवी मालिका आलेली असते आणि जुनं तेच कार्ड मिळत नाही किंवा त्या किमतीला परवडत नाही. त्यापेक्षा आता परवडेल ते एक घ्या, डबा आणि बिल जपून ठेवा, कापसाचे पैसे आले की ते कार्ड विकून वरचं घ्या. डबा-बिल असलेल्या कार्डाला भाव बरा येतो. दुसऱ्याची वाट पाहत आजच १००० वॅटचं एसएमपीएस आणि महागडा बोर्ड घेऊन बसू नका.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स दिसतात. तं तो चांगला का?

एक प्रोसेसरमधलं, एक वेगळं. हलक्या कामाला पहिलं, जड कामाला दुसरं. दोन मिळून जोर लावत नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये गेम ‘जीपीयू ०’ वर चाललेला दिसला तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन तो दुसऱ्यावर टाका.

नागपूरहून जोडून आणतो. एसटीत आणला तं चालीन?

चालेल, पण कार्ड लावलेल्या अवस्थेत नाही. जड कार्ड एका स्लॉटवर आणि दोन स्क्रूंवर लटकत असतं. रस्त्यात खड्डे बसले की स्लॉटची कड तुटते किंवा कार्डाच्या पट्टीला चीर जाते, आणि ती वॉरंटीत बसत नाही. दुकानातच मशीन चालू करून बघा, मग त्यांच्याकडूनच कार्ड काढून घ्या, अँटीस्टॅटिक पिशवीत घालून मूळ डब्यात ठेवा आणि डबा मांडीवर घ्या. कॅबिनेट आडवं, मदरबोर्ड खालच्या बाजूला राहील असं. घरी आल्यावर कार्ड बसवताना स्लॉटची खुटी टक करून लागली पाहिजे आणि पॉवरची पिन पूर्ण आत गेली पाहिजे. ‘डिस्प्लेच येत नाही’ म्हणून येणारे बरेच फोन या दोन गोष्टींतच मिटतात.